बेटावरून परतलेली गाडी

दक्षिण अटलांटिक महासागरात सेंट हेलेना नावाचे एक लहानसे बेट आहे. चोहोकडे अथांग सागर आणि मध्ये उंच कड्यांनी वेढलेली थोडीशी भूमी, असे त्याचे रूप. फ्रान्सचा बादशहा नेपोलियन याला १८१५ साली याच बेटावर बंदिवासात ठेवण्यात आले आणि १८२१ साली येथेच त्याचा अंत झाला. पुढे दीडशे वर्षांच्या आतच याच बेटावर आणखी एक नामांकित प्रवासी येऊन पडला. तो कोणी मनुष्य नव्हता. ती एक मोटारगाडी होती. तिचे नाव ‘ऑक्सफर्ड’. अर्धे जग पालथे घालून आलेली ही गाडी खाऱ्या वाऱ्यात हळूहळू गंजत चालली होती. नेपोलियन त्या बेटावरून जिवंत परतला नाही. ‘ऑक्सफर्ड’ मात्र परतली. ती कशी परतली आणि पुन्हा कशी धावू लागली, याची हकिगत मोठी मनोरंजक आहे.

‘ऑक्सफर्ड’ ही लँड रोव्हर जातीची गाडी. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर इंग्लंडमध्ये पोलादाची फार टंचाई होती. त्या काळी रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंते मॉरिस विल्क्स यांची वेल्समधील अँगलसी येथे शेतवाडी होती. शेतीच्या कामासाठी ते युद्धात वापरलेली एक जुनी अमेरिकन जीप चालवीत. चिखलात, खडकाळ वाटेवर, चढणीवर, कोठेही ही गाडी जाई. परंतु ती पार मोडली तर तिच्या जागी दुसरी कोणती घ्यावी, हा प्रश्न होता. या प्रश्नातूनच शेतकऱ्याला उपयोगी पडेल अशी दणकट गाडी आपणच तयार करावी, ही कल्पना १९४७ साली मॉरिस आणि त्यांचे बंधू स्पेन्सर यांच्या मनात आली. पोलाद दुर्मिळ होते; उलट युद्ध थांबल्यामुळे विमानांसाठी लागणारे ॲल्युमिनियम मुबलक मिळत होते. म्हणून गाडीचा तळसांगाडा तेवढा पोलादाचा करून वरचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे करण्यात आले. ३० एप्रिल १९४८ रोजी हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम येथील प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांसमोर आली. टंचाईतून जन्मलेली ही गाडी पाहता पाहता जगभर पसरली.

१९५५ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन प्रसिद्ध विद्यापीठांतील सहा तरुणांनी एक धाडसी बेत आखला. लंडनहून निघावयाचे आणि जमिनीवरून मोटार हाकीत थेट सिंगापूर गाठावयाचे! त्यांना दोन लँड रोव्हर गाड्या मिळाल्या. विद्यापीठांच्या रंगांप्रमाणे एक गडद निळी होती, तिचे नाव ‘ऑक्सफर्ड’. दुसरी फिकट निळी, तिचे नाव ‘केंब्रिज’. प्रवासाचे चित्रीकरण करण्यासाठी लागणारी फिल्म बी.बी.सी.मधील एक तरुण निर्माते डेव्हिड ॲटनबरो यांनी दिली. चित्रीकरणाचे काम अँटनी बॅरिंग्टन ब्राउन यांच्याकडे होते. वॉटसन आणि क्रिक या शास्त्रज्ञांचे डी.एन.ए.च्या प्रतिकृतीशेजारचे जगप्रसिद्ध छायाचित्र १९५३ साली यांनीच टिपले होते.

१ सप्टेंबर १९५५ रोजी ही मंडळी लंडनहून निघाली. युरोप ओलांडून, तुर्कस्तान आणि इराण मागे टाकून, बलुचिस्तानच्या ओसाड वाळवंटातून ती भारतात आली. खरी कसोटी पुढेच होती. आसामातील लेडो या गावापासून ब्रह्मदेशात जाणारा एक रस्ता महायुद्धाच्या काळात डोंगर फोडून बांधण्यात आला होता. युद्ध संपले, रस्त्याची गरज सरली आणि दहा वर्षांत अरण्याने तो जवळजवळ गिळून टाकला. पावसाने दरडी कोसळल्या होत्या, पूल वाहून गेले होते. जेथे पूल नव्हता तेथे गाड्या नदीच्या पात्रात उतरवाव्या लागल्या. अखेर ६ मार्च १९५६ रोजी, प्रवासास निघाल्यापासून सहा महिने आणि सहा दिवसांनी, दोन्ही गाड्या सिंगापुरास पोहोचल्या. या सहा जणांपैकी टिम स्लेसर यांनी पुढे या प्रवासावर एक पुस्तक लिहिले. ते अनेकांनी आवडीने वाचले आणि अद्यापही वाचतात.

माणसे घरी परतली; गाड्यांच्या नशिबी मात्र विश्रांती नव्हती. ‘केंब्रिज’ पुढील एका मोहिमेत दरीत कोसळून नष्ट झाली. ‘ऑक्सफर्ड’ पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांबरोबर अटलांटिक महासागरातील असेन्शन बेटावर गेली. तेथून ती सुमारे तेराशे किलोमीटर दूर असलेल्या सेंट हेलेना बेटावर पोहोचली आणि तेथेच राहिली. वर्षांमागून वर्षे लोटली. तिचे नाव पुस्तकात उरले. गाडी मात्र बेटावर विसावली.

परंतु जुन्या गाड्यांवर प्रेम करणारी माणसे फार चिवट असतात. कोणी जुनी नाणी जमवितो, कोणी पोस्टाची तिकिटे. तसाच जुन्या गाड्या शोधून, दुरुस्त करून त्या पुन्हा चालत्या करण्याचा छंद जगात अनेकांना आहे. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात राहणाऱ्या अशाच एका छांदिष्ट गृहस्थांनी ‘ऑक्सफर्ड’ मिळविली आणि २०१७ साली ती जहाजाने इंग्लंडला परत आली. मग तिच्या पुनरुज्जीवनास आरंभ झाला.

हे काम वाटते तेवढे सोपे नसते. लँड रोव्हरचे वरचे अंग ॲल्युमिनियमचे असल्यामुळे त्यावर लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. म्हणून दुरून पाहणाऱ्यास गाडी धडधाकट वाटते. खरा रोग आत असतो. तळसांगाड्याच्या पोलादी तुळया आतून पोकळ असतात. त्यांत चिखल आणि पाणी साचते आणि गंज आतून बाहेर असा पसरत येतो. वरून रंग शाबूत असावा आणि हातोडीने हलकेच ठोकताच पोलादाचे पापुद्रे गळून पडावेत, असा अनुभव पुष्कळदा येतो. शिवाय जेथे ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकतात, तेथे खारे पाणी पोहोचले की विजेच्या घटात घडते तशी रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. झिजलेल्या जागी पांढरी भुकटी दिसते. समुद्राकाठच्या गाडीला हा विकार फार लवकर जडतो.

म्हणून जाणता छांदिष्ट प्रथम पाना हाती घेत नाही. तो आधी पाहतो, मोजतो आणि नोंद करतो. प्रत्येक भागाचे छायाचित्र घेतले जाते. एकेक नट, एकेक बोल्ट काढून निरनिराळ्या डब्यांत ठेवतात आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावतात. चिठ्ठी लावण्याचा आळस केला, तर सहा महिन्यांनी डबाभर सुटे भाग समोर असतात आणि त्यांतला कोणता कोठला, हे सांगणारे कोणीच नसते. गंजून घट्ट बसलेला बोल्ट जोर लावून फिरविला तर तुटतो. म्हणून त्यावर पातळ तेल सोडून रात्रभर वाट पाहतात. तरीही सुटला नाही तर भोवतालचा भाग तापवितात. उष्णतेने धातू किंचित प्रसरण पावतो, गंजाची पकड ढिली होते आणि जे बळाने झाले नाही ते युक्तीने होते.

इंजिनाचेही तसेच. अनेक वर्षे बंद राहिलेल्या इंजिनात दट्ट्या नळकांड्याला चिकटून बसलेला असतो. ते एकदम सुरू करू पाहणे म्हणजे त्याचा नाश ओढवून घेणे होय. नळकांड्यांत तेल ओतून काही दिवस थांबतात आणि मग हाताने, अगदी सावकाश, इंजिन फिरवून पाहतात. ते तसूभर जरी हलले, तरी दुरुस्त करणाऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद उमटतो. ब्रेकच्या नळ्या, रबरी भाग आणि विजेच्या तारा यांच्या बाबतीत मात्र ममत्व ठेवून चालत नाही. जुन्या वस्तूवर कितीही प्रेम असले, तरी ज्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात तो भाग नवा आणि निर्दोषच असावा लागतो.

येथे एक विचार करण्याजोगा प्रश्न उभा राहतो. गाडीचा एक कुजका भाग बदलला, मग दुसरा बदलला, मग तिसरा. असे करीत सगळेच भाग नवे घातले, तर उरते ती जुनी गाडी काय? या प्रश्नावर छांदिष्टांत दोन पक्ष आहेत. काहींना गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसासारखी लखलखीत हवी असते. दुसरे म्हणतात, “पत्र्यावरचा हा पोचा त्या प्रवासाची खूण आहे. तो ठोकून सरळ केला तर पत्रा सुंदर होईल, पण इतिहास पुसला जाईल.” अशी माणसे कुजलेला भाग सबंध फेकून न देता, तेवढाच कापून तेथे नवा तुकडा जोडतात. हे काम वेळखाऊ आणि खर्चाचे असते; परंतु जे वाचविता येईल ते वाचवावे, असा त्यांचा आग्रह असतो. दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर मात्र एकमत आहे: काय ठेवले आणि काय बदलले, याची नोंद प्रामाणिकपणे ठेवावी. नव्याला जुने म्हणून मिरविणे हा छंद नव्हे, ती फसवणूक होय.

‘ऑक्सफर्ड’ पुन्हा चालू लागली. आता तिने संग्रहालयात शांतपणे उभे राहावे, असे कोणी म्हटले असते तर ते वावगे ठरले नसते. परंतु ही गाडी प्रवासासाठीच प्रसिद्ध होती. २०१९ साली एका नव्या तुकडीने असा संकल्प केला, की पूर्वी लंडनहून सिंगापुरास गेलेली ही गाडी आता सिंगापुराहून लंडनला आणावयाची. पहिल्या मोहिमेतील टिम स्लेसर यांनीही पुन्हा या गाडीत बसावे, असे ठरले. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेले होते. ते सिंगापुरास गेलेही. परंतु प्रस्थानाच्या ऐन तोंडावर ते आजारी पडले. एवढ्या वर्षांनी गाडी उभी राहिली आणि तिचा जुना सोबती मात्र निघू शकला नाही! तेव्हा आजोबांची रिकामी जागा त्यांच्या तरुण नातवाने घेतली.

२५ ऑगस्ट २०१९ रोजी ‘ऑक्सफर्ड’ सिंगापुराहून निघाली. जुन्या मार्गाचे काही भाग आता प्रवासास सुरक्षित नव्हते. म्हणून म्यानमारमधून ईशान्य भारत, नेपाळ, तिबेट आणि मध्य आशिया अशी वाट धरण्यात आली. १९५५ च्या या गाडीने तिबेटच्या पठारावरील विरळ आणि थंड हवेतही चढण चढली. वाटेत ती कुरकुरली, थांबली, दुरुस्त झाली आणि पुन्हा निघाली. १४ डिसेंबर २०१९ रोजी ती लंडनला पोहोचली. जेथून ती चौसष्ट वर्षांपूर्वी निघाली होती, त्याच नगरीत ती स्वतःच्या चाकांवर परत आली.

वस्तू जुनी झाली की टाकून द्यावी आणि नवी आणावी, ही रीत सोपी आहे. परंतु प्रत्येक जुनी वस्तू टाकाऊ नसते. काही वस्तूंत कारागिराचे कौशल्य साठलेले असते, तर काहींत माणसांच्या धाडसाची स्मृती असते. अशा वस्तू सांभाळण्यास पैशापेक्षा चिकाटी अधिक लागते. मोडलेले कसे होते हे समजून घ्यावे, नोंद ठेवावी, घाई करू नये आणि एकेक भाग नीट करीत जावे, एवढेच त्याचे रहस्य आहे. गंजलेला बोल्ट सोडविणाऱ्या हातांना हे रहस्य पुस्तकाशिवायही उमगते.

स्वाध्याय

१. लँड रोव्हरचे वरचे अंग ॲल्युमिनियमचे का करण्यात आले?
२. लेडोचा रस्ता ही मोहिमेची खरी कसोटी का ठरली?
३. जुनी गाडी दुरुस्त करताना नोंद ठेवणे का आवश्यक असते?
४. पत्र्यावरील पोचा सरळ करावा की तसाच ठेवावा? तुमचे मत कारणांसह लिहा.
५. ‘जे बळाने झाले नाही ते युक्तीने होते.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करून तुमच्या अनुभवातील एक उदाहरण द्या.
६. पुढील शब्द वाक्यांत योजा: मुबलक, चिवट, तसूभर, वावगे, ऐन तोंडावर.
७. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूची माहिती वडील माणसांना विचारा आणि तिची हकिगत दहा ओळींत लिहा.