परदेशी ऑनलाइन खरेदी आणि आयात शुल्क

झाशीच्या छावणी भागातील सदर बाजारात एखादी परदेशी बनावटीची वस्तू विकत घेतली, तर दुकानदाराने सांगितलेली किंमत हीच बहुधा अंतिम किंमत असते. त्या वस्तूवरील सीमाशुल्क आयातदाराने पूर्वीच भरलेले असते आणि वस्तू व सेवा करही पावतीत दाखविलेला असतो. तीच वस्तू परदेशातील विक्रेत्याकडून संगणकावर वा मोबाइलवर मागविली, तर मात्र चित्र पालटते. कायद्याच्या दृष्टीने तेथे ग्राहक स्वतःच आयातदार ठरतो. पडद्यावर दिसणारी किंमत आणि पार्सल घरी पोहोचेपर्यंत द्यावी लागणारी एकूण रक्कम यांत मोठे अंतर का पडते, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

झाशीच्या परिसराला जकातीची सीमा नवी नाही. मिठावरील कर बुडू नये यासाठी ब्रिटिश राजवटीत उभारलेली अंतर्गत जकात रेषा आग्रा, झाशी, होशंगाबाद या टापूतून जात असे. सन १८६९ च्या सुमारास तिची लांबी सुमारे २,३०० मैल होती आणि तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसे पहारा देत. सन १८७९ मध्ये ती रद्द झाली. आजची सीमा झाशीकरांच्या नजरेआड, दिल्ली-मुंबईसारख्या शहरांतील विदेश डाकघरांत आणि विमानतळांवरील कुरिअर टर्मिनलमध्ये आहे. परदेशातून आलेल्या पार्सलचे मूल्यमापन तेथेच होते.

शुल्काची आकारणी

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ आणि सीमाशुल्क टॅरिफ अधिनियम, १९७५ हे या आकारणीचे दोन मुख्य आधार होत. शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तूची किंमत, भारतापर्यंतचा वाहतूक खर्च आणि विमा यांची बेरीज करून, अधिसूचित विनिमय दराने रुपयांत येणारी रक्कम हे निर्धार्य मूल्य मानले जाते. त्यावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर लागू असल्यास १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सर्वांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर, असा हा क्रम आहे.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. वस्तूची किंमत ८,००० रुपये, वाहतूक १,८०० रुपये व विमा २०० रुपये असल्यास निर्धार्य मूल्य १०,००० रुपये होते. मूळ शुल्क १० टक्के धरल्यास १,००० रुपये, त्यावरील अधिभार १०० रुपये आणि ११,१०० रुपयांवर १८ टक्के दराने कर १,९९८ रुपये होतो. एकूण खर्च १३,०९८ रुपये. म्हणजे पडद्यावरील ८,००० रुपयांच्या दीडपटीहून अधिक. कुरिअर कंपनीचे सेवाशुल्क याखेरीज निराळे.

हे दर स्थिर नसतात. वैयक्तिक वापरासाठी टपालाने वा हवाई मार्गाने येणाऱ्या शुल्कपात्र वस्तूंवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. सन २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात अशा वस्तूंवरील सीमाशुल्काचा टॅरिफ दर २० वरून १० टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला गेला. खरेदीपूर्वी त्या दिवशीचा दर पाहणे हाच सुरक्षित मार्ग होय.

भेटवस्तूचा गैरसमज

‘पार्सलवर भेटवस्तू असे लिहिले की शुल्क लागत नाही’ हा समज अद्याप प्रचलित आहे. पूर्वी ठरावीक मूल्यापर्यंतच्या भेटवस्तूंना सूट होती. तिचा आधार घेऊन व्यापारी माल भेट म्हणून येऊ लागल्याने विदेश व्यापार महासंचालनालयाने डिसेंबर २०१९ मध्ये टपाल व कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची शुल्कमुक्त आयात बंद केली. जीवनरक्षक औषधे आणि राखी एवढेच अपवाद राहिले. पूर्ण शुल्क भरून भेटवस्तू मागविता येते. मात्र विक्रेत्याला किंमत कमी दाखविण्यास सांगणे हा गुन्हा ठरू शकतो आणि माल जप्त होण्याची शक्यता असते.

जगाचा प्रवाहही याच दिशेने वाहत आहे. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या मालावरील मूल्यवर्धित कराची सूट १ जुलै २०२१ पासून काढून घेतली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी स्थगित केली. यामागील एक महत्त्वाचा विचार समानतेचा आहे. सदर बाजारातील दुकानदार भाडे, पगार आणि कर भरून व्यवसाय करीत असता परदेशी विक्रेत्याचा माल करमुक्त येऊ लागला, तर ती स्पर्धा न्याय्य राहत नाही.

फसवणुकीपासून सावधगिरी

शुल्काविषयीचे अज्ञान भामट्यांच्या पथ्यावर पडते. ‘तुमचे पार्सल सीमाशुल्क विभागात अडकले आहे, त्वरित पैसे पाठवा’ अशा दूरध्वनीने अनेकांची बचत लुबाडली गेली आहे. मुले परदेशी असलेल्या घरांतील ज्येष्ठांना तर असा दूरध्वनी सहज खरा वाटतो. सीमाशुल्क विभाग कोणाच्याही खासगी बँक खात्यात पैसे भरण्यास सांगत नाही. विभागाच्या पत्रव्यवहारावर नोव्हेंबर २०१९ पासून दस्तऐवज ओळख क्रमांक असतो व तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. टपालाने आलेल्या पार्सलवरील शुल्क पोस्टमन वा टपाल कार्यालय पावती देऊन वसूल करते. आपण काही मागविलेलेच नसेल, तर शुल्क देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा वेळी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

खरेदीपूर्वी

मागणी नोंदविण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, दाखविलेल्या किमतीत आयात शुल्क समाविष्ट आहे की ते वेगळे भरावयाचे आहे. दुसरी, वस्तूच्या आयातीस परवानगी आहे काय. ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे आणि फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीसही सर्वसामान्य ग्राहकाला मनाई आहे. तिसरी, ओळखपत्र व खरेदीचे बिल हाताशी आहे काय. चौथी, वस्तू सदोष निघाल्यास ती परत करण्याचा खर्च कोणाचा, कारण भरलेले शुल्क आपोआप परत मिळत नाही.

या हिशेबानंतरही परदेशी वस्तू किफायतशीर ठरली, तर ती अवश्य मागवावी. अनेकदा मात्र तीच वस्तू जवळच्या बाजारात, पक्क्या पावतीसह आणि बदलून मिळण्याच्या सोयीसह, कमी खर्चात उपलब्ध असल्याचे दिसून येईल.