वेदना आणि थकवा : दिव्यांगांच्या संदर्भात मोजमापाचा विचार

ताप तापमापकाने मोजता येतो, रक्तदाब यंत्राने मोजता येतो. वेदना आणि थकवा मोजणारे यंत्र मात्र उपलब्ध नाही. रुग्णाचे स्वतःचे सांगणे हाच तेथे मुख्य आधार होय. ज्यांना बोलता येत नाही, अथवा ज्यांचे सांगणे ‘अपंगत्व आहे, म्हणजे दुखणारच’ असे म्हणून बाजूला सारले जाते, त्यांचे दुखणे त्यामुळे उपचारांविना राहून जाते. आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त यांच्यासाठी या विषयाची थोडी माहिती येथे देत आहोत.

बोलू शकणाऱ्या रुग्णास आपण ० ते १० यांपैकी एक अंक सांगावयास सुचवितो. परंतु केवळ अंक पुरेसा नसतो. ठणका, कळ, आग, चमक, मुंग्या हे आपल्या भाषेतील शब्द निदानास मोलाची मदत करतात. आग, चमक आणि मुंग्या यांवरून मज्जातंतूंच्या वेदनेची शंका येते व तिचे औषध निराळे असते. मज्जारज्जूस इजा झालेल्या व्यक्तीस स्पर्श न कळणाऱ्या पायांतही अशी आग जाणवू शकते. तो भ्रम नव्हे.

आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा बोलता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, हे तिच्या टिपणीत स्पष्ट केले. बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी १९९७ साली प्रसिद्ध झालेली ‘फ्लॅक’ ही पद्धत उपयोगी पडते. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजावल्यावर शांत होणे या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण दिले जातात. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी २००६ साली तिची सुधारित आवृत्ती आली. तीत पालक आपल्या मुलाच्या खास खुणा जोडू शकतात. एखादे मूल दुखू लागले की रडण्याऐवजी गप्प होते, एखादे स्वतःचा हात चावते. ही खूण प्रथम आईच ओळखते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलात या खुणेमागे खुब्याचा सरकलेला सांधा, बद्धकोष्ठता किंवा किडलेला दात असू शकतो, आणि या तिन्हींवर उपचार आहेत.

थकव्याची गोष्ट याहून अवघड आहे, कारण त्यास आळस समजले जाते. भारत २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्त घोषित झाला. तथापि बालपणी पोलिओ झालेल्या काही व्यक्तींना अनेक दशकांनंतर नवा अशक्तपणा, वेदना आणि थकवा जाणवू लागतो. १९८९ साली तयार झालेल्या थकवा-तीव्रता मापनात नऊ विधाने असून प्रत्येकास १ ते ७ गुण असतात. सरासरी ४ वा अधिक आल्यास थकवा लक्षणीय मानण्याची प्रथा आहे. तरीही चालण्याची अडचण मुळातच असलेल्या व्यक्तीची तुलना धडधाकट माणसाशी न करता तिच्याच पूर्वीच्या नोंदीशी करणे उचित ठरते. नोंद पाहून कामाचे व विश्रांतीचे नियोजन, योग्य कॅलिपर अथवा चाकाची खुर्ची सुचविता येते.

या कामास महागडी यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो प्रशिक्षित परिचारिकेचा वेळ. देणगीदारांच्या साहाय्याचा काही भाग अशा न दिसणाऱ्या कामीही लागावा, अशी आमची विनंती आहे. आप्तांनी घरी एक छोटी वही ठेवावी आणि दुखण्याची वेळ, खूण व कशाने आराम पडला, एवढे तीत लिहावे. तपासणीस येताना ती वही अवश्य सोबत आणावी.