दिक्कालाचे वस्त्र

पुराणातील कालचक्राची कथा झाली की श्रोत्यांपैकी कोणीतरी हटकून म्हणतो, 'आजचे शास्त्रज्ञ तेच तर सांगत आहेत.' हे विधान कितपत खरे, याचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो. कारण सभामंडपात उच्चारलेले वाक्य मुले शाळेत घेऊन जातात.

आइनस्टाइन यांनी १९१५ साली दाखविले की, गुरुत्वाकर्षण म्हणजे ओढणारी अदृश्य दोरी नव्हे; वस्तुमानामुळे दिक्कालाला, म्हणजे अवकाश व काळ यांच्या एकत्रित विस्ताराला, वक्रता येते आणि ग्रह त्या वक्रतेच्या वाटेने जातात. पुढील दहा-बारा वर्षांत सूक्ष्म कणांचे शास्त्र, पुंजयामिकी, आकारास आले. त्याच्या मते मोजमाप होईपर्यंत इलेक्ट्रॉनाला एकच एक निश्चित ठिकाण नसते. अडचण येथेच आहे. ज्या वस्तूचे ठिकाणच निश्चित नाही, तिने दिक्कालाला वक्रता आणावी ती कोठे? ग्रहतारे पाहताना पहिल्या शास्त्रावर भागते, अणू पाहताना दुसऱ्यावर. विश्वाचा आरंभ शोधू गेल्यास मात्र दोन्ही एकदम लागतात.

ह्या प्रश्नावर खानदेशातील शिरपूर येथे १९४९ साली जन्मलेले अभय अष्टेकर यांनी अमेरिकेत राहून मोठे कार्य केले आहे. १९८६ मध्ये त्यांनी आइनस्टाइनची समीकरणे नव्या चलराशींत मांडली; त्यामुळे ती पुंजयामिकीच्या रीतीने हाताळणे सुकर झाले. कार्लो रोव्हेली, ली स्मोलिन प्रभृतींनी त्या पायावर जी इमारत उभारली, तिच्यात क्षेत्रफळसुद्धा सलग वाढत नाही, टप्प्याटप्प्याने वाढते. आमच्या वडगाव-खासबागेतील मागावरचे लुगडे दुरून अखंड दिसते. डोळ्यांजवळ नेले की उभे-आडवे धागे दिसतात, आणि दोन धाग्यांच्या मध्ये कापड नसते. (ह्या संशोधकांनीही आपल्या भाषेत 'वीण' हाच शब्द योजिला, याचे आम्हांस कौतुक वाटले.) दिक्कालाचे धागे मात्र फारच सूक्ष्म. एकावर पस्तीस शून्ये देऊन होणाऱ्या संख्येइतके एका मीटरचे भाग करावे, तेव्हा एक भाग त्या मापाच्या जवळपास येतो.

२००६ साली अष्टेकर व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या गणितात, एका साध्या प्रतिरूपापुरते, असे निघाले की विश्व मागे मागे नेल्यास शून्यात जात नाही. घनता एका मर्यादेस पोचली की गुरुत्वाकर्षणच दूर लोटू लागते, आणि त्यापलीकडे आकुंचन पावणारे पूर्वीचे विश्व आढळते. येथेच आमच्या श्रोत्यांस प्रलय आणि सृष्टी आठवतात. साम्य मनोहर आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि पुराणकारांनी हे समीकरण सोडविले नव्हते, आणि अष्टेकरांचे गणित पुराणावर उभे नाही. शिवाय ह्या सिद्धान्ताला अद्याप प्रयोगाचा दाखला मिळालेला नाही; तंतुसिद्धान्तासारखे प्रतिस्पर्धीही आहेत. उद्या हे गणित खोटे ठरले, तर पुराणही खोटे ठरले असे मुलांनी म्हणावे काय? दाखल्याचा शोध तूर्त विश्वातील सर्वांत जुन्या प्रकाशात, आकाशभर पसरलेल्या सूक्ष्मतरंगांत, चालू आहे.