आडनावांची गंमत : फर्नांडिस



‘रास अल खोर’ म्हणजे खाडीचे टोक, हे आपण पहिल्याच तासाला शिकलो. आज एका आडनावाचा अर्थ पाहू.

मागच्या शनिवारी वर्गात वसईची एक नवी मैत्रीण आली. तिने आडनाव सांगितले, ‘फर्नांडिस’. लगेच मागून प्रश्न आला, “मग तू मराठीच्या वर्गात कशी?” ती गप्प बसली. आम्हा शिक्षकांनाही तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. म्हणून हा पाठ.

फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा. वडिलांच्या नावाला पोर्तुगीज लोक ‘एस’ आणि स्पॅनिश लोक ‘एझ’ जोडत आणि आडनाव तयार होई. स्पेनमध्ये लोपेचा मुलगा लोपेझ, तसाच हा फर्नांडेझ. आपणही मधले नाव वडिलांचेच लावतो, नाही का? फर्नांदो हे नाव जुन्या गॉथ लोकांचे. त्याचा अर्थ ‘धाडसी प्रवासी’ असा सांगतात.

वसईवर १५३४ पासून पोर्तुगीजांचे राज्य होते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. पोर्तुगीजांच्या काळात जे ख्रिस्ती झाले, त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज नावे व आडनावे मिळाली. राज्य गेले, आडनावे राहिली. भाषा मात्र बदललीच नव्हती! कादोडी आणि वाडवळी या मराठीच्या बोली तिथल्या ख्रिस्ती घरांत आजही ऐकू येतात. २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कोण होते, ठाऊक आहे? वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो!

दुबईत आपल्याला फिलिपिनो फर्नांडेझही भेटतात. त्यांचे पूर्वज स्पेनचेच असतील असे नाही. १८४९ साली फिलिपाइन्सचा स्पॅनिश गव्हर्नर क्लाव्हेरिया याने हुकूम काढला आणि आडनावांची यादीच गावोगाव पाठवली. तिच्यातून लोकांनी आडनावे घेतली.

म्हणजे आडनावावरून कधी काळी राज्य कोणाचे होते ते कळेल. घरात कोणती भाषा बोलतात ते कळेलच असे नाही. ते प्रेमाने विचारावे लागते.

गृहपाठ : आपले आडनाव गावावरून आले, कामावरून की माणसावरून? आईबाबांना, जमल्यास फोनवर आजीआजोबांना विचारून पाच ओळी लिहून आणा. पालकांनी सांगावे, लिहावे मात्र मुलांनीच. पुढच्या शनिवारी पहिले वाचन आपल्या नव्या मैत्रिणीचे, आणि दुसरे प्रश्न विचारणाऱ्या मित्राचे!