कोर्लईची ‘नौ लिंग’

आज आपण रायगड जिल्ह्यातील कोर्लई या लहानशा गावाची ओळख करून घेऊ या. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारे येथील ख्रिस्ती बांधव घरी ‘नौ लिंग’ बोलतात. नौ लिंग म्हणजे ‘आपली भाषा’. सोळाव्या शतकात चौल परिसरात आलेले पोर्तुगीज आणि स्थानिक लोक यांच्या सहवासातून ती जन्मली. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते.

१७४० साली चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज सत्ता गेली, पण या कुटुंबांनी श्रद्धा सोडली नाही आणि बोलीही टाकली नाही. ती कोणत्या शाळेने शिकवली नाही. आईने लेकराला दिली. आज ती बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास आहेत. शाळा आणि नोकरी मराठी-इंग्रजीची, म्हणून काही घरांत मुलांशी ती बोलणे कमी होत आहे.

प्रार्थना काय किंवा बोली काय, घरात बोलली तरच जगते. आपणही या आठवड्यात रोझरीनंतर आजी-आजोबांजवळ थोडा वेळ बसू या आणि त्यांच्या बोलीतली एखादी जुनी गोष्ट मुलांना ऐकवू या.