थर्टी फर्स्टचा आठवडा आणि आपलं घर

मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून परतलाय, दोन-तीन महिने बरे गेलेत आणि डिसेंबर आलाय, अशा घरांतल्या आईवडिलांशी आज बोलायचंय. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत अशी घरं पुष्कळ आहेत. शेजारीपाजारी कळू नये म्हणून ती गप्प असतात, इतकंच.

"अहो, श्रावण कडक पाळायचा तो, मग व्यसनी कसा?" हे वडिलांच्या तोंडून नेहमी ऐकू येतं. गटारीला ढोसायची आणि श्रावणभर शिवायचं नाही, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. पण महिनाभर थांबता येतं म्हणून व्यसन नाही, असं होत नाही. पहिला पेग गेल्यावर थांबता येतं का, ते बघायचं. शिवाय रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिटही येऊ शकते. तिथे डॉक्टरच लागतो, देवापुढच्या शपथेवर भागत नाही.

आता हा आठवडा. येऊरला बंगला ठरतोय, सोसायटीच्या गच्चीवर डीजे लागणार आहे, जुना ग्रुप म्हणतोय, "तू कोल्ड्रिंक घे, पण ये." मोठ्या मुलाला कोंडून ठेवता येत नाही. ३१ तारखेच्या संध्याकाळचा बेत मात्र चार दिवस आधी त्याच्याबरोबर बसून ठरवा. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार अवस्थांत पाय घसरतो, असं व्यसनमुक्तीच्या कामात सांगतात. सातच्या गर्दीतून लोंबकळत डोंबिवलीला उतरलेला पोरगा भुकेला, दमलेला आणि चिडलेला असतो, आणि स्टेशनबाहेर बारच्या पाट्या लुकलुकत असतात. त्या दिवशी डब्यात संध्याकाळसाठी दोन पोळ्या जास्त द्या. बाबांनी त्याला सांगून स्टेशनवर जावं, भाजी घेत दोघांनी चालत घरी यावं. तलफ उसळली तरी साधारण अर्ध्या तासात ओसरते. पोटात अन्न आणि शेजारी आपलं माणूस असलं की तेवढा वेळ निघून जातो.

पहारा मात्र नको. मुलगा दारात चपला काढतोय, आई अगदी जवळ येऊन विचारते, "जेवलास का रे?" आणि हळूच श्वास आत ओढते. मुलाला ते कळतं. "हो" म्हणून तो तोंड फिरवतो आणि खोलीचं दार लावून घेतो. काळजी असेल तर सरळ विचारा, "आज जड गेलं का?" या प्रश्नाला खरं उत्तर मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त.

एक गोष्ट हात जोडून सांगते. दारू सोडवायची गोळी किंवा पावडर त्याच्या नकळत भाजीत, चहात मिसळू नका. डायसल्फिराम पोटात असताना दारू घेतली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि त्याच्या संमतीनेच द्यायचं.

आणि बाबा, तुमची शोकेसमधली बाटली. "मी प्रमाणात घेतो, माझा काय संबंध?" संबंध आहे. ती या वर्षी घराबाहेर जाऊ दे, आणि ३१ला तुम्हीही घेऊ नका.

१९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. घरच्यांनाही उपचारात सामील करून घ्यायचं, ही त्या कामातली फार मोलाची गोष्ट. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा असतात, घरच्यांसाठी अल्-अ‍ॅनॉन आहे. ३१ला संध्याकाळी जवळपास कुठे सभा आहे, हे आधीच विचारून ठेवा.

एवढं करूनही तो पिऊन आला, तर त्या रात्री जाब विचारू नका. उलटी घशात अडकू नये म्हणून कुशीवर झोपवा, जवळ बसा. हाक मारून उठत नसेल किंवा श्वास संथ वाटला तर लगेच १०८ला फोन करा. सकाळी चहा झाल्यावर केंद्रातल्या समुपदेशकांना फोन लावायला सांगा, तो त्याचा त्यालाच करू दे. मधले दोन-तीन महिने वाया गेले, असं चुकूनही म्हणू नका. तुम्हाला स्वतःला कुणाशी बोलायचं असेल, तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि १४४१६वर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचे समुपदेशक मराठीतही बोलतात.