रोग्याची संमति

समजा, मनवेलपाड्यातील एका कुटुंबाने आपल्या मनोरुग्णास “पाहुण्यांकडे जाऊ” असे खोटे सांगून ठाण्याच्या मनोरुग्णालयात नेले. तो पुन्हा कोणावर विश्वास ठेवील?

सन २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बळजोरीस मर्यादा घातली आहे. रोग्यापासून कोणास इजेचे भय असेल, किंवा स्वतःची काळजी घेणे त्यास अशक्य असेल, तरच मनोविकारतज्ज्ञ व आणखी एक जाणकार यांनी वेगवेगळे तपासून त्यास संमतीवाचून प्रथम ३० दिवसांपर्यंत ठेवावे. त्याविरुद्ध रोग्यास मंडळाकडे दाद मागता येते. साखळदंड तर सर्वथा वर्ज्य आहेत.

शहाणपण यात की, बरे असतानाच त्याने आपली इच्छा लिहून ठेवावी व प्रतिनिधि नेमावा. आजारी मनुष्यही मनुष्यच आहे; म्हणून आधी त्यास विचारावे.